मासा, मेंढपाळ आणि मोर: सुरुवातीच्या ख्रिस्ती चित्रांमध्ये खरंच ‘गुप्त कोड’ होता का?

दोन वक्ररेषा एकमेकींना छेदतात आणि मासा तयार होतो. गाडीवरच्या स्टिकरपासून लॉकेटपर्यंत दिसणाऱ्या या चिन्हाबद्दल सोशल मीडियावर एक गोष्ट हमखास वाचायला मिळते. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती लोकांचा छळ होत असताना एक जण वाळूत एक रेष काढायचा. समोरचाही ख्रिस्ती असेल तर तो दुसरी रेष काढून मासा पूर्ण करायचा आणि दोघांची ओळख पटायची.

गोष्ट रंजक आहे, पण त्या काळातल्या लिखाणात तिला आधार सापडत नाही. मासा हे ख्रिस्ती लोकांचं चिन्ह होतं, हे मात्र पक्कं आहे. मग ते गुप्त होतं का? आणि ही जुनी चित्रं वाचायची कशी?

ही चित्रं कुठे सापडतात?

बहुतेक चित्रं रोमच्या कॅटॅकोम्बमध्ये, म्हणजे भुयारी दफनभूमींमध्ये आहेत. रोमन कायद्यानुसार शहराच्या हद्दीत दफन करायला बंदी होती. त्यामुळे शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यांलगत, मऊ ज्वालामुखीय खडकात ही भुयारं खोदली गेली. प्रिसिला, कॅलिक्स्टस, डोमिटिला ही त्यातली प्रसिद्ध नावं. रोममध्ये ज्यू लोकांचेही कॅटॅकोम्ब होते.

ख्रिस्ती लोक या भुयारांमध्ये लपून राहायचे, हा समज चुकीचा आहे. या जागा प्रशासनाला माहीत होत्या. छळही सलग तीनशे वर्षं सुरू नव्हता. सम्राट डेसियसच्या काळात इ.स. २५० मध्ये, व्हॅलेरियनच्या काळात २५७ पासून आणि डायोक्लेशियनच्या काळात ३०३ पासून त्याच्या मोठ्या लाटा आल्या. मधल्या काळात परिस्थिती तुलनेने शांत होती आणि बरीचशी चित्रकला त्याच काळात झाली.

माशाचा अर्थ काय?

ग्रीक भाषेत माशाला ‘इख्थिस’ म्हणतात. या शब्दात पाच ग्रीक अक्षरं आहेत. ‘येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांची आद्याक्षरं जोडली की हाच शब्द तयार होतो. शिवाय येशूचे काही शिष्य मासेमार होते आणि बाप्तिस्मा पाण्यानेच होतो, त्यामुळे हे चिन्ह सहज रुळलं.

हा अर्थ कोणी लपवून ठेवला नव्हता. इ.स. २०० च्या सुमारास टर्टुलियन या लेखकाने बाप्तिस्म्यावरच्या पुस्तकात ख्रिस्ती लोकांना लहान मासे म्हटलं आहे. साधारण त्याच काळात अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने मोहोरेच्या अंगठीवर कोणती चित्रं कोरावीत, याचा सल्ला दिला. कबुतर, मासा, जहाज, वीणेसारखं वाद्य आणि जहाजाचा नांगर चालेल, असं त्याने लिहिलं. मूर्तींचे चेहरे, तलवार, धनुष्य आणि मद्याचे पेले मात्र नकोत.

यातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. क्लेमेंट नवी चिन्हं तयार करत नाही. बाजारात आधीच मिळणाऱ्या अंगठ्यांमधून ख्रिस्ती माणसाला शोभतील अशी चित्रं तो निवडायला सांगतो. सुरुवातीच्या ख्रिस्ती कलेचं सूत्र हेच आहे: चित्र जुनं, अर्थ नवा.

बाकीची चिन्हं कुठून आली?

मेंढपाळ: खांद्यावर मेंढरू घेतलेला तरुण ग्रीक आणि रोमन कलेत शेकडो वर्षं दिसत होता. ख्रिस्ती लोकांनी त्यात बायबलमधला ‘उत्तम मेंढपाळ’, म्हणजे येशू पाहिला. सीरियातल्या ड्युरा-युरोपोस इथे सुमारे इ.स. २४० मधलं प्रार्थनाघर सापडलं आहे. तिथल्या बाप्तिस्म्याच्या खोलीतही हा मेंढपाळ आहे.

योना: मोठ्या माशाच्या पोटात तीन दिवस राहून बाहेर आलेला हा संदेष्टा म्हणजे मृत्यूनंतरच्या पुनरुत्थानाची खूण. चित्रांमध्ये तो वेलीखाली विवस्त्र पहुडलेला दिसतो. ही मुद्रा ग्रीक पुराणकथेतल्या निद्रिस्त एंडिमियनसारखी आहे. कारागिरांना एंडिमियन कोरायची सवय होती, त्यांनी त्याच साच्यात योना बसवला.

नांगर: वादळात जहाज धरून ठेवणारा नांगर म्हणजे आशा. बायबलमधल्या ‘इब्री लोकांस पत्र’ या पुस्तकात हीच उपमा आहे. म्हणूनच तो थडग्यांच्या दगडांवर जास्त दिसतो.

मोर: मोराचं मांस कुजत नाही, असा प्राचीन समज होता. त्यावरून मोर अमरत्वाचं चिन्ह झाला. संत ऑगस्टीनने तर हे तपासूनही पाहिलं. कार्थेजमध्ये वाढलेल्या शिजवलेल्या मोराचा तुकडा त्याने जपून ठेवायला सांगितला. महिनाभरानंतरही त्याला वास आला नाही आणि वर्षभराने तो फक्त थोडा सुकला होता, असं त्याने नोंदवलं आहे.

सुरुवातीला क्रूस का दिसत नाही?

क्रूसावर खिळणं ही रोमन साम्राज्यातली अत्यंत अपमानास्पद शिक्षा होती. रोमच्या पॅलेटाइन टेकडीवर भिंतीवर खरवडलेलं एक चित्र सापडलं आहे. त्यात क्रूसावर गाढवाचं डोकं असलेला माणूस आहे, खाली एक जण उभा आहे आणि ‘अलेक्झामेनोस देवाची पूजा करतो’ अशा अर्थाची ग्रीक ओळ आहे. येशूला क्रूसावर दाखवणाऱ्या सर्वात जुन्या चित्रांपैकी एक असलेलं हे चित्र भक्ताने नाही, टिंगल करणाऱ्याने काढलं होतं.

इ.स. ३१२ मध्ये कॉन्स्टंटाइनने मिल्व्हियन पुलाची लढाई जिंकली आणि पुढच्या वर्षी ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली. तरीही चर्चमधली क्रूसावरच्या येशूची शिल्पं लगेच आली नाहीत. रोमच्या सांता सबिना चर्चच्या लाकडी दारावरचं प्रसिद्ध शिल्प सुमारे इ.स. ४३० मधलं आहे. त्यातही क्रूस जेमतेम दिसतो.

चुकीचा अर्थ लावला तर काय होतं?

कॉन्स्टंटाइनच्या मुलीसाठी बांधलेल्या रोममधल्या सांता कोस्टान्झाच्या छतावर द्राक्षांची तोडणी करणारी मुलं दिसतात. द्राक्षवेल ही येशूने स्वतःला दिलेली उपमा, पण बॅकस या मद्यदेवतेचीही खूण. याच मोझेइकमुळे पुनरुज्जीवन काळात अनेकांनी ही इमारत बॅकसचं मंदिर समजली.

काही वाद आजच्या प्रश्नांना भिडतात. प्रिसिला कॅटॅकोम्बमध्ये तिसऱ्या शतकातलं एक चित्र आहे. मधोमध डोक्यावरून वस्त्र घेतलेली स्त्री दोन्ही हात उंचावून उभी आहे. एका बाजूला ती बाळासोबत दिसते, दुसऱ्या बाजूला एका बसलेल्या वयस्कर पुरुषासमोर. लग्न, मातृत्व आणि मृत्यूनंतरचं जीवन, असा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. स्त्रियांना धर्मगुरू होऊ द्यावं अशी मागणी करणाऱ्यांना मात्र वयस्कर पुरुषासोबतच्या दृश्यात दीक्षाविधी दिसतो. २०१३ मध्ये साफसफाईनंतर ही चित्रं पुन्हा खुली झाली, तेव्हा व्हॅटिकनच्या तज्ज्ञांनी हा दावा फेटाळला. कॅथलिक चर्चमध्ये स्त्रिया आजही धर्मगुरू होऊ शकत नाहीत, त्यामुळे हा वाद फक्त कलेच्या इतिहासाचा राहत नाही.

हात उंचावलेली मुद्रा एकटी हा वाद सोडवू शकत नाही. ती स्त्री-पुरुष दोघांच्याही चित्रांत दिसते आणि ख्रिस्ती नसलेल्या रोमन लोकांच्या नाण्यांवरही, भक्तिभावाची खूण म्हणून.

मग चित्र कसं वाचायचं?

आधी चित्र कुठे आहे ते पाहायचं: थडग्यावर, बाप्तिस्म्याच्या खोलीत की श्रीमंत घरात? मग त्याचा काळ. आणि शेवटी शेजारी काय आहे ते. नुसता मेंढपाळ कोणाचाही असू शकतो. रोमच्या सांता मारिया अँटिक्वा चर्चमधल्या तिसऱ्या शतकातल्या शवपेटीवर मात्र मेंढपाळासोबत योना आणि बाप्तिस्मा कोरलेला आहे, त्यामुळे तिथे शंका उरत नाही.

त्याच शवपेटीवर हात उंचावलेली स्त्री आणि एक तत्त्वज्ञही आहे. दोघांचे चेहरे अर्धवट सोडलेले आहेत. दफन होणाऱ्यांचे चेहरे नंतर कोरता यावेत, म्हणून ती जागा राखून ठेवली असावी, असं अभ्यासक मानतात. गिऱ्हाइकासाठी तयार ठेवलेल्या अशा वस्तूवर गुप्त कोड शोधणं अवघड आहे. तिच्यावरची चित्रं मृत माणसाच्या नातेवाइकांना पाहताक्षणी समजतील, अशीच होती.