'पैकी'चा इतिहास: एका जुन्या उर्दू यादीवरून

गेल्या रमजानमध्ये मी आमच्या गावच्या इनाम जमिनींची यादी संगणकावर उतरवून घेत होतो. गाव हिंगोली जिल्ह्यातले, कळमनुरी तालुक्यातले. समोर निजामकाळातल्या उर्दू यादीची झेरॉक्स आणि संगणकावर साधे नोटपॅड. ना तक्ता, ना ठळक अक्षरे. गावाचे नाव डाव्या कडेला, त्याखाली एक टॅब सोडून इनामाचा प्रकार, आणखी एक टॅब सोडून सर्व्हे नंबर, त्याच्याही आत क्षेत्र आणि वहिवाटदार. यादी चुलतभावाला फोनवर पाठवली. लगेच त्याचा फोन आला, "भाईजान, यातलं मशिदीचं कोणतं आणि आपलं कोणतं?"

पाठवताना टॅब गळून पडले होते. सगळ्या ओळी एकाच कडेला येऊन बसल्या होत्या.

हसण्यावारी नेता आले असते. पण आमच्या शेताबाबत नेमके हेच एकदा कागदावर घडलेले आहे. निजाम राज्यात मशीद, दर्गा किंवा देवळाच्या सेवेसाठी लावून दिलेली जमीन म्हणजे खिदमतमाश, आणि एखाद्या माणसाच्या निर्वाहासाठी दिलेली ती मददमाश. पहिली सेवेला बांधलेली, दुसरी माणसाला. आमच्या जुन्या यादीत हा प्रकार वर एकदाच लिहिला आहे आणि त्याच्या पोटात नंबर दिले आहेत. पुढे कोणीतरी त्यातला एकच नंबर उचलून नव्या नोंदवहीत उतरवला. नंबर आला, वरचे शीर्षक मागेच राहिले. त्या जमिनीच्या व्यवहारावरून आमच्या दोन घरांत कित्येक वर्षे सलाम-कलाम बंद होता.

म्हणून मला ओळीच्या आत ओळ लिहिण्याच्या या रीतीचा इतिहास महत्त्वाचा वाटतो. इस्लामी जगातल्या दप्तरांत हिशेबाची 'सियाक' नावाची लिपी-पद्धत होती. तुर्कस्तानापासून दख्खनपर्यंत कारकून ती वापरत. त्यात शीर्षकाच्या शब्दातले एखादे अक्षर आडवे लांबवून कागदभर ओढत, आणि त्या रेघेच्या पसाऱ्याखाली पोटबाबी मांडत. रेघ जेवढी लांब, तेवढा तिचा अंमल. या रेघेला 'मद्द' म्हणतात. कुरआन पढताना स्वर लांबवायचा तो मद्द आपल्याला मदरशातच शिकवतात, शब्द तोच. हिंदी-उर्दूत अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या शीर्षाला 'मद' म्हणतात तेही यातूनच आले.

आपले 'तपशील' हे मूळ अरबी 'तफसील'. त्याचा धातू वेगळे करणे, विभागणे या अर्थाचा. 'फैसला' आणि 'फसल' त्याच घरातले, आणि मराठवाड्यातली जुनी माणसे ज्या फसली सनात जन्मतारीख सांगत तो सनही. (1350 फसली म्हणजे 1940-41.) 'बाब' म्हणजे दरवाजा, ग्रंथाचे प्रकरणही. मोडी हिशेबात आधी एकूण रक्कम, मग 'तपशील' किंवा 'पैकी' लिहून खाली तिची फोड. रोजकीर्दीत तारखेप्रमाणे नोंद व्हायची, खतावणीत तीच नोंद शीर्षाप्रमाणे लागायची, आणि तेरजेत फक्त वरच्या ओळी उरायच्या. संगणकावर यादी मिटवून केवळ मथळे पाहावेत, तसेच हे.

ही देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. सोळाव्या शतकात पहिल्या इब्राहिम आदिलशहाने महसुली हिशेब फारसीतून काढून हिंदवीत आणल्याचे फरिश्ता लिहितो. ते लिहिणारे बहुतेक ब्राह्मण कारकून होते. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंतांच्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पर्याय आले, तरी 'तपशील' मराठीतून गेला नाही, आणि मांडणीही गेली नाही. मराठी माणसाने तिला स्वतःचा एक झकास शब्द जोडला, 'पोट'. पोटकलम, पोटहिस्सा, पोटभाडेकरू.

भाषा मात्र बदलत गेली. 1884 मध्ये हैदराबाद राज्यात फारसीच्या जागी उर्दू आली, 1948 नंतर उर्दूही गेली. 1954-55 ची खासरा पाहणी झाली, मग सातबारा आला, 1999 मध्ये परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. दर बदलात कोणीतरी नक्कल केली, आणि नक्कल करणाऱ्याला जुनी लिपी वाचता येतच होती असे नाही.

9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगेलबार्ट यांनी संगणकावर एक बाजारहाटाची यादी करून दाखवली. ओळींच्या आत ओळी, हव्या तेव्हा मिटवायच्या, हव्या तेव्हा उघडायच्या. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक ओळीला एक आकडा, एक अक्षर, पुन्हा आकडा असा क्रमांक मिळे. आपल्याकडचा 45/2/अ हा पोटहिश्शाचा नंबर याच जातीचा. 2003 मध्ये नेदरलँड्समधले खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डोमिनिक यांनी साध्या मजकुरासाठी ऑर्ग-मोड तयार केला. त्यात मथळ्याआधी चांदण्या असतात. जितक्या चांदण्या जास्त, तितकी ओळ आत.

मला फरक इथे दिसला. टॅब ही मोकळी जागा आहे, ती कागदाच्या भरवशावर उभी असते. चांदणी दिसते, म्हणून नकलेतही येते. पण तीही फक्त किती आत ते सांगते, कोणाच्या आत ते नाही. 45/2/अ आपला बाप आणि आजा सोबत घेऊन चालतो. दुर्दैवाने सर्व्हे नंबरात फक्त जमिनीची वंशावळ असते. ती खिदमतमाश की मददमाश, हे नंबर सांगत नाही. नुसते 'सर्व्हे नं. 45 पैकी' लिहिले की कोणता तुकडा तेही कळत नाही, आणि मग बांधावर भांडणे होतात.

शेवटी मी यादी पुन्हा लिहिली. टॅब काढून टाकले. प्रत्येक ओळीत आधी गाव, मग तिरकी रेघ, इनामाचा प्रकार, तिरकी रेघ, नंबर, हिस्सा, क्षेत्र. तेच तेच शब्द शंभर वेळा. दिसायला कंटाळवाणी झाली, पण आता कुठलीही एक ओळ उचला, ती अनाथ होत नाही. तशीच चुलतभावाला पाठवली.

या वेळी त्याचा फोन आला नाही. इफ्तारनंतर तो स्वतःच घरी आला आणि म्हणाला, मूळ झेरॉक्स दाखव. त्याला उर्दू वाचता येत नाही. मी पान पुढे केले आणि 'खिदमतमाश'मधल्या शेवटच्या 'शीन'वरून निघालेल्या लांब रेघेवर बोट ठेवले. त्याने ती शेवटपर्यंत बोटाने पाहिली, आणि मग खालचे नंबर मोजायला लागला.