आत्याची कात्री आणि नॉर्माबाई

परवा माळा आवरताना बुटांचा एक जुना खोका सापडला. आत लहान-मोठी गोल भोकं पाडलेलं एक पुठ्ठ्याचं कार्ड आणि टोकाला वाकलेली छोटी कात्री. बायकोने विचारलं, "शिवणकामाचं का हे?" म्हटलं, "नाही गं, आत्याचं."

घरच्यांना आत्या माहीतच आहे. बाकीच्यांसाठी सांगतो: वडिलांची थोरली बहीण. नऊवारी नेसणारी, सोवळ्याओवळ्याची कडक, आणि गणपतीचे मोदक फक्त तिच्याच हातचे. वीसेक वर्षांपूर्वी तिला गुदाशयाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन करून आतड्याचं टोक पोटावर डावीकडे बाहेर काढलं. त्याला स्टोमा म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ तोंड. त्यावर पिशवी चिकटवायची, मल तिच्यात जमतो. तो कधी येणार यावर आपला ताबा नसतो.

गाठ पूर्ण निघाली, डॉक्टर खूश, आम्हीही खूश. घरी आल्यावर खरं प्रकरण सुरू झालं. पिशवी सारखी गळायची. भोवतीची कातडी सोलवटून लालभडक झाली. आत्या मागच्या खोलीत राहू लागली, देवघराकडे फिरकेना. त्या वर्षी मोदक विकत आणले. "या अंगानं देवाला शिवू का रे?" एवढंच ती मला म्हणाली. काय बोलावं ते मला सुचलं नाही.

मग ओळखीतून एक सिस्टर आल्या, स्टोमाच्या कामाचं खास शिक्षण घेतलेल्या. असं काही शिक्षण असतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. ते आलं कुठून हे मी पुढे शोधत बसलो, आणि मला नॉर्मा गिल भेटली.

नॉर्मा अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावची. नर्स नव्हे, डॉक्टर नव्हे, चारचौघींसारखी संसारी बाई. मोठ्या आतड्याच्या दाहाने ती वर्षानुवर्षं आजारी होती. १९५४ साली क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी तिचं ऑपरेशन केलं आणि पोटावर स्टोमा आला. बरी झाल्यावर ती आसपासच्या हॉस्पिटलांत जाऊन अशाच पेशंटांना मदत करू लागली. टर्नबुल यांनी तिचं मोल ओळखलं आणि १९५८ साली तिला आपल्याकडे कामावर घेतलं. एका पेशंटला तिच्याच दुखण्याच्या जोरावर नोकरी! १९६१ साली दोघांनी मिळून तिथे या कामाची शाळा काढली. सुरुवातीला शिकायला येणाऱ्यांत स्वतः स्टोमा असलेली माणसंही होती. नर्सिंगचं शिक्षण हवंच, ही अट नंतर आली. १९७८ साली या कामातल्या लोकांची जागतिक परिषद स्थापन झाली, तिची पहिली अध्यक्ष नॉर्माच.

डेन्मार्कमध्येही अशीच गोष्ट. एलिझे सोरेन्सन ही घरोघरी जाणारी नर्स. तिच्या बहिणीला, थोराला, स्टोमा होता आणि गळतीच्या धास्तीने ती चारचौघांत जाईना. १९५४ साली एलिझेला कल्पना सुचली: कातडीला चिकटणारी आणि वापरून टाकून देता येणारी प्लास्टिकची पिशवी.

यात आपल्या मातीचाही एक धागा आहे. ओल्या कातडीला चिकटून तिचं रक्षण करील असं काहीतरी टर्नबुल शोधत होते. १९५२ च्या सुमाराला त्यांना ते सापडलं एका डिंकात. हा कराया डिंक कांडोळ झाडाचा. पांढऱ्याफटक खोडामुळे आपल्याकडे याला भुत्याही म्हणतात. अंधारात ज्याला पोरं घाबरतात, त्या झाडाच्या डिंकाने दूर देशीच्या किती जणांची कातडी वाचली असेल! आता त्या जागी बहुतेक पेक्टिन, जिलेटिन वगैरेंच्या चकत्या असतात.

तर आपल्या सिस्टर. आल्या, हात धुतले, आत्याच्या पलंगावरच बसल्या. नाकाला पदर नाही, चेहऱ्यावर आठी नाही. कार्ड लावून माप घेतलं आणि म्हणाल्या, "आजी, ऑपरेशननंतर हा सुजलेला असतो. पुढच्या सहा-आठ आठवड्यांत आक्रसतो. तुम्ही भोक अजून पहिल्याच मापाचं कापताय. मधली कातडी उघडी राहते, तीच भाजते." त्यांनी वाकड्या कात्रीने नवं भोक कापलं, स्टोमापेक्षा जेमतेम दोन-तीन मिलिमीटर मोठं. चकती लावून वर तळहात ठेवला. उबेने ती नीट चिकटते म्हणे.

मग म्हणाल्या, "आणि हा नेमका ओच्याखाली आलाय. ऑपरेशनआधीच तुम्हाला मांडी घालून बसवून, वाकवून, साडी कुठे नेसता ते बघून जागेवर खूण करायला हवी होती." हे आम्हाला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. खूण करणारं माणूसच तिथे नव्हतं. आत्याने पुढे ओचा दोन बोटं वर खोचायला सुरुवात केली.

जाताना त्यांनी कात्री आत्याच्या हातात दिली. आम्हा कुणाच्या नाही, तिच्याच. "आता तुम्ही करायचं."

पुढच्या गणपतीत आत्या आंघोळ करून, नवी पिशवी लावून मोदक वळायला बसली. सोवळ्याचा विषय तिने काढला नाही, आम्हीही नाही. पुढे अकरा वर्षं ती जगली.

मुंबईत १९७५ पासून ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे, टाटा हॉस्पिटलात हे काम शिकलेल्या सिस्टरही आहेत. तरी आम्हाला ते उशिरा कळलं. म्हणून एवढंच सांगतो, तुमच्याकडे कुणाचं असं ऑपरेशन ठरलं तर एक प्रश्न आधीच विचारा: खूण कोण करणार, आणि घरी गेल्यावर शिकवणार कोण?

असो. खोका परत माळ्यावर ठेवलाय. टाकवत नाही.