करभार आणि मताधिकार : १९३७ च्या निवडणुकीचे स्मरण

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही तीन नगरे आज एकमेकांस जवळजवळ भिडली आहेत. विधानसभेची निवडणूक आली की महागाई आणि करभार यांची चर्चा येथे घरोघर होते. या चर्चेचा पूर्वेतिहास आमच्या तरुण ज्ञातिबांधवांस फारसा ठाऊक नसतो. म्हणून त्याचे थोडके स्मरण येथे करीत आहो.

फेब्रुवारी १९२७ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात अंदाजपत्रकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शेतसाऱ्याच्या अन्यायावर नेमके बोट ठेवले. प्राप्तिकरास उत्पन्नाची किमान मर्यादा असते. शेतसाऱ्यास ती नाही. एक एकराचा धनी आणि शेकडो एकरांचा जहागीरदार यांस दर एकच. त्याच वर्षी मे महिन्यात शिवछत्रपतींच्या त्रिशतसांवत्सरिक उत्सवाचे अध्यक्षस्थान त्यांनी बदलापुरी भूषविले होते, ही गोष्ट या परिसरास अभिमानास्पद होय.

पुढे जागतिक मंदी आली. धान्याचे भाव कोसळले. सारा मात्र रोखीने ठरलेला, तो हटेना. मिठावर कर होताच. १९३४ मध्ये आगपेटीवरही अबकारी कर बसला. अंबरनाथच्या ‘विमको’ कारखान्यात जो मजूर दिवसभर काड्या भरी, त्यासच सायंकाळी चूल पेटविण्यासाठी आगपेटी घेताना तो कर द्यावा लागे. प्रत्यक्ष करापेक्षा हा अप्रत्यक्ष कर गरिबास अधिक जाचतो, कारण तो दिसत नाही.

अशा काळी, १९३६ मध्ये, स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला आणि १९३७ च्या निवडणुकीत त्याने १७ उमेदवार उभे केले. खोतीचा नाश आणि कुळांस संरक्षण ही त्याच्या प्रचाराची मुख्य सूत्रे होती. निवडून आलेल्यांत आमच्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीचे अनंतराव चित्रे व महाडचे सुरबानाना टिपणीस हे दोघे होते. कोकणात खोतांमध्ये अनेक ज्ञातींची घराणी होती, तशी आमचीही होती. असे असता या दोघांनी कुळांची बाजू घेतली. आप्तस्वकीयांचा रोष पत्करून घेतलेल्या या भूमिकेचे मोल, आमच्या मते, मोठमोठ्या पदव्यांहून अधिक आहे.

त्या निवडणुकीत एक विलक्षण विसंगती होती. मताचा हक्क सर्वांस नव्हता. ठरावीक सारा, घरभाडे वा प्राप्तिकर भरणारा, किंवा शिक्षणाची अट पुरी करणारा, तोच मतदार. सारांश, करभाराविरुद्ध बोलणारा उमेदवार ज्यांच्यासाठी बोले, त्यांपैकी बहुसंख्यांस त्यास मतच देता येत नसे. दुसरी अडचण अधिकारांची. शेतसारा प्रांताच्या हाती होता. मीठ व आगपेटी यांवरील कर मध्यवर्ती सरकारच्या. त्यामुळे प्रांतिक उमेदवारास सारा व खोती यांविषयीच काही वचन देता येई.

त्या वचनाचे पुढे काय झाले? सप्टेंबर १९३७ मध्ये खोती नष्ट करणारे विधेयक मांडले गेले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईच्या विधिमंडळावर चालून गेले. तरीही विधेयक मंजूर झाले नाही. मिठावरील कर १९४७ मध्ये उठला आणि खोती नष्ट करणारा कायदा १९४९ मध्ये झाला. बी पेरणाऱ्याच्या हातूनच पीक निघते असे नाही. परंतु पेरणी झाली नसती तर पीकही आले नसते.

त्याच १९४९ सालच्या ८ ऑगस्ट रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कल्याण कॅम्पाचे उल्हासनगर असे नामकरण झाले. सिंधमधून सर्वस्व गमावून आलेल्या तेथील निर्वासितांजवळ ना सातबारा होता, ना साऱ्याची पावती. जुन्या नियमाने त्यांतील किती जण मतदार ठरले असते? प्रौढ मताधिकारावर झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मात्र साऱ्याची पावती कोणी विचारली नाही.

२०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यापासून करांचे अधिकार पुन्हा नव्याने वाटले गेले आहेत. म्हणून दारी येणाऱ्या उमेदवारास आमच्या बांधवांनी दोन प्रश्न अवश्य विचारावेत : ज्या कराविषयी आपण बोलता तो विधानसभेच्या हाती आहे काय? आणि तो कमी करताना आपल्याच आप्तांचे हित आडवे आले, तर आपण कोणाच्या बाजूस उभे राहाल? चित्रे व टिपणीस यांनी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिले आहे.