पार्किंग सेन्सर बिघडल्यास...

गाडी मागे घेताना पार्किंग सेन्सर विनाकारण वाजत राहिला किंवा अजिबात वाजला नाही, तर नवा संच बसविण्याची घाई करू नये. बंपरवरील सेन्सर माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडतात व अडथळ्यावरून त्या परतण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर ठरवितात. चिखल किंवा पाणी साचल्यासही त्यांची गफलत होते. म्हणून प्रथम ते मऊ, ओल्या कापडाने पुसावेत.

दोष कायम राहिल्यास हँडब्रेक लावून, इंजिन सुरू न करता, केवळ इग्निशन चालू करावे व रिव्हर्स गिअर टाकावा. चालू सेन्सरवर बोट टेकविल्यास सूक्ष्म टिकटिक जाणवते. एकाही सेन्सरवर ती नसेल, तर फ्यूज व वीजपुरवठा तपासावा. एकाच ठिकाणी नसेल, तर मेकॅनिककडून तो सेन्सर शेजारच्या तशाच सेन्सरशी अदलाबदल करून पाहावा. दोष सेन्सरबरोबर सरकला, तर सेन्सर बदलावा. जागेवरच राहिला, तर वायर किंवा गंजलेला कनेक्टर दुरुस्त करावा.

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागील सेन्सर सक्तीचे आहेत. मात्र बारीक खांब किंवा बंपरखालचा अडथळा त्यांच्या नजरेतून सुटू शकतो. गाडीमागे लहान मूल नाही ना, हे स्वतः पाहण्यास पर्याय नाही.