डॉ. बरिल क्रोन : आजाराला ज्यांचे नाव मिळाले ते पोटविकारतज्ज्ञ

पोटात सारखी कळ, महिनोन्महिने जुलाब, अंगात बारीक ताप आणि दिवसेंदिवस उतरत जाणारे वजन. अशा काही पेशंटच्या फाईलवर शेवटी ‘क्रोन्स डिसीज’ असे लिहिले जाते. हे क्रोन कोण, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही, म्हणून त्यांची ही ओळख.

बरिल बर्नार्ड क्रोन यांचा जन्म १३ जून १८८४ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका यहुदी कुटुंबात झाला. घरात बारा भावंडे. वडिलांना अपचनाचा फार त्रास होता. तो पाहूनच मुलाचे मन डॉक्टरीकडे वळले, असे सांगतात. सिटी कॉलेजनंतर १९०७ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून त्यांनी एम.डी. केले आणि माउंट सायनाय हॉस्पिटलमध्ये दाखल झाले. हे हॉस्पिटल १८५२ मध्ये यहुदी समाजाने उभारलेले. क्रोन यांचे सारे नाव इथेच झाले. १९२० मध्ये तिथल्या पोटविकार क्लिनिकचे ते पहिले प्रमुख झाले.

आता मुख्य गोष्ट. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज येते, जखमा होतात, आतड्याची भिंत जाड होऊन वाट अरुंद होते. त्या काळी असे आतडे दिसले की बहुतेक डॉक्टर ‘टीबी’ म्हणून मोकळे होत. माउंट सायनायमध्ये सर्जन ए. ए. बर्ग यांनी ऑपरेशन करून काढलेल्या आतड्यांचा अभ्यास लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर करत होते. क्रोन यांच्याकडेही तसेच पेशंट होते. तिघांनी मिळून १४ पेशंटची माहिती मांडली आणि ऑक्टोबर १९३२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये लेख छापून आला. टीबीचा जंतू नाही, तरी आजार आहे, म्हणजे हा वेगळाच आजार, हे त्यातले म्हणणे.

आधी त्यांनी ‘टर्मिनल इलिआयटिस’ असे नाव योजले होते. टर्मिनल म्हणजे आतड्याचे शेवटचे टोक. पण ऐकणाऱ्याला वाटायचे, पेशंटचाच शेवट! मग एका डॉक्टरांच्या सूचनेवरून ‘रीजनल इलिआयटिस’ झाले. लेखावर नावे इंग्रजी वर्णक्रमाने होती, त्यामुळे क्रोन पहिले आले आणि लोकांच्या तोंडी तेच बसले. लेख आपण लिहिला नाही म्हणून बर्ग यांनी आपले नाव घालू दिले नाही. घातले असते तर यादीत तेच पहिले असते! आम्हा शिक्षकांना हजेरीपटाचा हा महिमा नवा नाही, पण गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांच्या वाट्याला मेहनतीच्या मानाने कमी आले, हे आम्हाला खटकते. खुद्द क्रोन यांनाही आजाराला आपले नाव फारसे पसंत नव्हते, ते ‘रीजनल इलिआयटिस’च म्हणत. मोठ्या आतड्यालाही हाच आजार होतो, हे मानायला ते बरीच वर्षे राजी नव्हते. १९६० मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी ते दाखवून दिले.

जून १९५६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचे याच आजारासाठी ऑपरेशन झाले आणि आजाराचे नाव घरोघरी गेले.

आपल्याकडे तर ही माहिती आणखी कामाची, कारण भारतात आतड्याचा टीबी आजही आहे. तो बहुधा आतड्याच्या त्याच जागी होतो आणि लक्षणेही सारखीच. कोलोनोस्कोपी करून, तुकडा तपासूनही कधी कधी निदान पक्के होत नाही. टीबीची औषधे क्रोनवर चालत नाहीत; उलट क्रोन समजून स्टेरॉइड दिले आणि निघाला टीबी, तर तो भडकू शकतो. म्हणून अनेकदा आधी टीबीची औषधे देऊन गुण येतो का ते पाहतात. डॉक्टर चाचपडताहेत असे समजून पेशंटने मध्येच गोळ्या सोडू नयेत, डॉक्टर बदलत फिरू नये. आणि हो, क्रोन संसर्गजन्य नाही. त्या पेशंटचे ताट-पेला वेगळे काढण्याची गरज नाही. हा आजार मुळापासून जात नाही, पण औषधांनी ताब्यात राहतो.

दवाखान्याबाहेर क्रोन यांना दोन शौक होते : वॉटरकलर चित्रे काढणे आणि अमेरिकन यादवी युद्धाचा इतिहास वाचणे. कनेक्टिकट राज्यात न्यू मिलफर्डला त्यांचे गावाकडचे घर होते. नव्वदीपर्यंत ते पेशंट तपासत होते. २९ जुलै १९८३ रोजी, वयाच्या ९९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.