बरोबरीच्या चिन्हाचें कुळ

रासायनिक समीकरण म्हटलें कीं शाळकरी मुलांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि आमच्यासारख्या वडीलधाऱ्यांची स्थितिहि फारशी निराळी नसते. रोमन अक्षरें, त्यांच्या पायाशीं चिकटलेले आंकडे व मध्यें बरोबरीचें चिन्ह, एवढें घोकलें कीं झालें, असें आम्हीहि पुष्कळ दिवस समजत होतों. परंतु त्या चिन्हाचें कुळ शोधूं गेलों, तों प्रयोगशाळेच्या भट्टीशेजारीं जमाखर्चाची वही उघडलेली दिसली.

१७८९ सालीं पॅरिस येथें आन्त्वान लाव्हाझिए यानें रसायनशास्त्राचा एक प्राथमिक ग्रंथ प्रसिद्ध केला. द्राक्षरस आंबून मद्य कसें होतें हें सांगतांना त्यानें एका बाजूस द्राक्षरस मांडला, दुसऱ्या बाजूस कर्बाम्लवायु, म्हणजे आजचा कार्बन डायऑक्साइड, व मद्यार्क मांडले, आणि मध्यें बरोबरीचें चिन्ह घातलें. क्रियेपूर्वीं जितकें द्रव्य, तितकेंच क्रियेनंतर. मधल्यामध्यें नवें कांहीं उपजत नाहीं, असलेलें नाहींसें होत नाहीं, असा त्याचा दावा होता. हा गृहस्थ राजाचे कर मक्त्यानें वसूल करणाऱ्या मंडळीचा भागीदार होता. मेळ बसला नाहीं तर चूक आपलीच, ही संवय त्याच्या हाडींमासीं खिळली असल्यास नवल काय?

साखर, पाणी व किण्व तोलून आणि निघालेला वायुहि हिशेबांत धरून त्यानें मेळ घातला. गंमत अशी कीं, त्याचे आंकडे बरेच चुकलेले होते. परंतु एका चुकीनें दुसरीस सांवरलें व बेरीज जुळली! आमच्या मतें येथें पुराव्याच्या आधीं श्रद्धा धांवली, आणि ती खरी ठरली.

आज बरोबरीच्या जागीं बहुधा बाण असतो, हिशेब मात्र तोच आहे. द्राक्षशर्करेच्या एका रेणूंत कार्बनचे ६, हायड्रोजनचे १२ व ऑक्सिजनचे ६ अणु असतात. त्यांतून मद्यार्काचे २ रेणु व कर्बाम्लवायूचे २ रेणु निघतात. कार्बन मोजा: मद्यार्कांत ४, वायूंत २. वजनानें १८० भागांचे ९२ व ८८ होतात. मेळ बसविण्यासाठीं रेणूच्या पुढचा आंकडा बदलतां येतो, अक्षराच्या पायाशीं असलेला नाहीं. पाण्याच्या ऑक्सिजनपाशीं २ लिहा, कीं पाणी जाऊन हायड्रोजन पेरॉक्साइड झालेंच. ही अक्षरी खूण बर्झीलियसची, १८१३-१४ च्या सुमाराची.

लाव्हाझिएला ती पाहावयास मिळाली नाहीं. नोव्हेंबर १७९३ मध्यें क्रांतिकारकांनीं सर्व मक्तेदारांस अटक केली व मक्त्याचे हिशेब सादर करावयास लाविलें. तुरुंगांत बसून त्या मंडळीनें ते पुरे केले, जानेवारींत सादरहि केले. ८ मे १७९४ रोजीं त्याचा शिरच्छेद झाला.