लेडीज स्पेशल आणि खाकऱ्याचा हिशेब



५ मे १९९२ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली, पुढच्याच वर्षी ती विरारपर्यंत आली. आमच्या वसईतल्या कितीतरी सुना तिच्यामुळे नोकरीत टिकल्या. हिवाळ्यात चौविहाराचा डबा अंधेरीच्या आत संपवणाऱ्याही त्यात होत्या!

पण बाई कमवायला लागली ती तेव्हाच, असं नाही. १९२०च्या दशकात मुंबईच्या कापडगिरण्यांत पाचातली सुमारे एक कामगार बाई होती, बहुतेक सूत गुंडाळण्याच्या खात्यात. पुढे यंत्रं बदलली, रात्रपाळी आली (तिथे बायकांना बंदी), आणि बायका कमी होत गेल्या. अमेरिकेतही तसंच. क्लॉडिया गोल्डिन यांनी दोनशे वर्षांची आकडेवारी तपासून दाखवलं, की शेती सुटून कारखाने आले तेव्हा विवाहित बायकांचं काम घटलं, कचेऱ्या आल्या तेव्हा वाढलं. त्यांना २०२३चं नोबेल मिळालं.

आपल्याकडे सरकारी पाहणीत १५ वर्षांवरच्या बायकांत काम करणाऱ्या २०१७-१८मध्ये शंभरात २२ होत्या, २०२३-२४मध्ये ४०. पुरुष ७१वरून ७६. बायकांची वाढ बरीचशी शेतीत आणि घरच्या धंद्यात, पुष्कळदा बिनपगारी.

मोजणीची रीत गमतीची आहे. विकायला लाटलेला खाकरा म्हणजे काम, घरच्यांसाठी लाटलेला नाही. दुकानाच्या गल्ल्यावर बसलात तर मात्र ते काम, पगार नसला तरी. तेव्हा पाहणीवाले दारात आले आणि सासरे "सून घरीच असते" म्हणाले, तर दुपारी गल्ल्यावर कोण बसतं ते तुम्हीच सांगा.